राजदूत ३५० साठी घडवून घेतलेला एअरबॉक्स : उद्यमनगरातील एका वर्कशॉपच्या कामाविषयी

यामाहाच्या आरडी ३५० वर आधारलेली राजदूत ३५० ही मोटरसायकल एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवली आणि नव्वदच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. आज ज्यांच्याकडे ही गाडी आहे, त्यांतल्या अनेकांच्या सीटखाली कंपनीचा मूळ एअरबॉक्स, म्हणजे कार्बोरेटरांना गाळलेली हवा पुरवणारा डबा, उरलेला नाही. मधल्या काळात कुणी ना कुणी तो काढून दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाला शंकूच्या आकाराचे सुटे पॉड फिल्टर लावून दिले आणि काढलेला डबा भंगारात गेला. माझी गाडी माझ्याकडे आली ती अशाच अवस्थेत. जुना डबा चांगल्या स्थितीत मिळणे दुर्मीळ झाल्यामुळे मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या वर्कशॉपकडून अॅल्युमिनियमचा नवा एअरबॉक्स घडवून घेतला. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावर त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. वर्कशॉपचे नाव देत नाही, कारण मालकांना तशी प्रसिद्धी नको आहे. मात्र त्यांच्या कामाची पद्धत सर्वांना उपयोगी पडेल अशी आहे, आणि ती कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडे आग्रहाने मागता येते. मुख्य काम उत्तम झाले, झाकणाचे काम मनासारखे झाले नाही, आणि वेळेच्या बाबतीत मात्र निराशा झाली, असे माझे एकूण मत आहे.

हा खटाटोप कशासाठी, असे अनेक जण विचारतात, म्हणून आधी एअरबॉक्सचे काम काय ते सांगतो. राजदूत ३५० चे इंजिन ३४७ सीसीचे, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांचे आणि रीड व्हॉल्व्हचे (हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपेचे) आहे, आणि प्रत्येक सिलिंडरला २८ मिलिमीटरचा स्वतंत्र मिकुनी कार्बोरेटर आहे. माझी गाडी हाय टॉर्क प्रकारातली आहे, म्हणजे तिची ३०.५ बीएचपी ताकद ६७५० आरपीएमला मिळते. त्या वेगाला हे इंजिन, निदान हिशेबापुरते, दर सेकंदाला सुमारे ३९ लिटर हवा मागते. ही हवा संथ प्रवाहासारखी आत जात नाही. दोन्ही सिलिंडर मिळून सेकंदाला २२५ घोट घेतात, आणि प्रत्येक घोटाच्या शेवटी दाबाची एक लाट उलट्या दिशेने कार्बोरेटरच्या तोंडाकडे परतते. रीड व्हॉल्व्हमुळे ही उलटी लाट बरीच कमी होते, पण पूर्ण थांबत नाही, आणि पॉडच्या आतल्या बाजूला पेट्रोल-ऑइलचा जो ओलसर थर दिसतो तो तिचाच पुरावा असतो. कार्बोरेटरला हवा कोणत्या दिशेने चालली आहे हे कळत नाही. ती जेटवरून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावरून, जाताना पेट्रोल उचलते, परत येताना पुन्हा उचलते आणि पुढच्या घोटाला तीच हवा तिसऱ्यांदा जेटवरून जाते. त्यामुळे विशिष्ट आरपीएमला मिश्रण एकदम गडद (पेट्रोल जास्त) होते आणि थोडे पुढे गेले की पुन्हा पातळ (पेट्रोल कमी) होते. हा दोष आरपीएमशी बांधलेला असल्यामुळे थ्रॉटलच्या स्थितीनुसार काम करणारा कोणताही जेट किंवा नीडल (जेटमध्ये वरखाली होणारी सुई) तो पुरता भरून काढू शकत नाही. पॉड लावलेल्या आरडीचा मधला भाग बसल्यासारखा वाटतो आणि मेकॅनिक वर्षानुवर्षे जेट बदलत राहतात, यामागचे मोठे कारण हेच आहे. डब्यातील स्थिर हवेचा साठा या लाटा पोटात घेतो आणि दोन्ही कार्बोरेटरांना सारख्याच दाबाची, सारख्याच तापमानाची हवा देतो.

वर्कशॉपची पहिली चांगली गोष्ट अशी की त्यांनी मापे फोनवर घेण्यास साफ नकार दिला. गाडी स्वतः आणा, बॅटरी, ऑइलची टाकी आणि दोन्ही बाजूंची साइड कव्हर जागेवर बसवून आणा, असे त्यांनी बजावले. याचे महत्त्व गाडी उघडल्यावर कळले, कारण सीटखाली मोकळी वाटणारी जागा हे सर्व भाग बसल्यावर निम्म्याहून कमी उरते. मिस्त्रींनी पेट्रोलची टाकी आणि सीट उतरवून जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापत, चिकटपट्टीने जोडत डब्याचा पूर्ण नमुना गाडीवरच उभा केला. मागचे चाक खड्ड्यात आदळल्यावर मडगार्ड कुठपर्यंत वर येते, बॅटरी काढायला हात जातो की नाही, कार्बोरेटर न सोडता डबा बाहेर येतो की नाही, हे सारे त्यांनी पुठ्ठ्यावरच तपासले. पत्रा कापायला घेतला तो त्यानंतर.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. त्यांनी टॉर्चच्या उजेडात कार्बोरेटरचे तोंड पाहिले आणि काडीच्या टोकाने खालच्या ओठाजवळची बारीक छिद्रे मला दाखवली. मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या पायलट सर्किटला आणि मेन जेटच्या नळीला लागणारी हवा याच छिद्रांतून जाते. माझ्या पॉडच्या रबराची कड आत वळून त्यांतल्या एका छिद्रावर निम्मी आली होती आणि रबरावर त्या छिद्राचा अर्धचंद्राकृती ठसाही उमटला होता. डावा सिलिंडर मंद गतीवर सतत पेट्रोलने ओला का राहतो, याचा शोध मी आणि माझे मेकॅनिक बरेच महिने पायलट जेट आणि एअर स्क्रूमध्ये घेत होतो. नव्या डब्याचे रबर कार्बोरेटरच्या बाहेरच्या अंगावरच बसेल आणि कड तोंडाच्या अलीकडेच थांबेल, अशी पायरी मिस्त्रींनी लेथवर मुद्दाम ठेवून घेतली. पॉड लावलेल्या प्रत्येकाने कार्बोरेटर उघडण्याआधी ही एक जागा अवश्य पाहावी.

आकारमानाविषयी त्यांचा अनुभवाचा नियम असा की डबा इंजिनाच्या सीसीच्या दहापट तरी असावा. जागेच्या मर्यादेत त्यांनी सुमारे चार लिटरचा डबा बसवून दिला, म्हणजे साडेअकरा पट. हवा आत येण्याच्या नळीचा आतला व्यास ४५ मिलिमीटर ठेवला, त्यामुळे तिचे क्षेत्रफळ सुमारे १५.९ चौरस सेंटिमीटर झाले. दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडांचे मिळून ते १२.३ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे नळीमुळे इंजिनाचा गळा आवळला जाण्याचे कारण नाही. नळीच्या लांबीवर मात्र आमची बरीच चर्चा झाली. बंद डबा आणि त्याला जोडलेली नळी यांची मिळून स्वतःची एक कंपनसंख्या असते, आणि इंजिनाचे घोट तिच्याशी जुळले की डब्यातला दाब शांत होण्याऐवजी जोरात वरखाली होऊ लागतो. शंभर मिलिमीटर लांबीच्या नळीसाठी, दोन्ही टोकांबाहेर नळीसोबत हलणारी हवाही लांबीत धरून, मी केलेल्या हिशेबात ही कंपनसंख्या ९४ हर्ट्झच्या आसपास आली. दर फेरीला दोन घोट धरले तर ती २८०० आरपीएमला गाठली जाते, आणि शहरातल्या रहदारीत गाडी नेमकी तिथेच असते. नळी दीडशे मिलिमीटरची केली की हाच आकडा २४०० पर्यंत उतरतो. मिस्त्रींनी माझ्या कागदाकडे शांतपणे पाहिले आणि नळी वेल्ड न करता फ्लॅन्ज देऊन तीन स्क्रूंनी बसवायचे ठरवले, म्हणजे दोन्ही लांबींच्या नळ्या लावून पाहता येतील. या साऱ्या कामातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. आखूड नळीने तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना टाकीखालून घुमणारा आवाज येई आणि थ्रॉटल किंचित उघडताच गाडी अडखळे. लांब नळीने ते दोन्ही खाली सरकले, आणि त्या गतीला मी गिअर खाली टाकतोच. आता लांब नळीच कायम केली आहे.

साहित्याच्या निवडीत वर्कशॉपची जाण दिसते. डब्यासाठी ५०५२ प्रतीचा १.६ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियम पत्रा वापरला आहे आणि सर्व जोड आर्गन वेल्डिंगचे आहेत. मी आधी फायबरचा विचार करत होतो, पण त्यांनी तो बाजूला सारला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि साध्या पॉलिएस्टर रेझिनच्या फायबरला इथेनॉल कालांतराने मऊ करते, हे जुन्या फायबरच्या टाक्यांवर दिसून आलेले आहे. थ्रीडी प्रिंट करून घेण्याचा सल्लाही मला मिळाला होता. परंतु त्यासाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या मागे उन्हाळ्यात गाडी उभी केल्यावर ते कितपत टिकेल याची मला शंका आहे. जोडणीची रबरे नायट्राइलची आहेत. दुकानांत मिळणारे रंगीत सिलिकॉनचे पाइप दिसायला देखणे असतात, पण साधे सिलिकॉन पेट्रोलने फुगते आणि क्लॅम्पखालून निसटते. पाण्याच्या पाइपांसाठी वापरतात ते ईपीडीएम रबरही पेट्रोलपुढे टिकत नाही. हे मी न विचारता त्यांनी सांगितले, याचे मला विशेष वाटले. डब्याच्या मोठ्या सपाट बाजूंना तिरप्या घड्या देऊन हलकी उभारी दिली आहे, कारण सपाट पत्रा इंजिनाच्या लाटांनी पडघमासारखा वाजू लागतो.

फिल्टर आणि त्याचे सीलिंग हा माझ्या मते या कामाचा प्राण आहे, आणि तो अनेक ठिकाणी सर्वांत दुर्लक्षित राहतो. फोर-स्ट्रोक इंजिनात फिल्टर चुकवून आलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. टू-स्ट्रोकमध्ये ती आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कप्प्यात, उतरते, क्रँकच्या बेअरिंगांमधून आणि कनेक्टिंग रॉडच्या सुईच्या बेअरिंगांमधून फिरते आणि मगच पिस्टनपर्यंत पोहोचते. आरडीचा क्रँक नव्याने बांधून घेणे आज किती खर्चाचे आणि त्रासाचे आहे, हे ज्यांनी केले आहे त्यांना माहीत आहे. त्यामुळे सुंदर वेल्डिंगच्या डब्यातही फिल्टरच्या कडेला कागदाइतकी फट राहिली तर सारे काम व्यर्थ जाते. माझ्या डब्यात ऑइल लावलेला दोन थरांचा फोम आहे. कागदी फिल्टर नको, कारण परत येणारे पेट्रोल-ऑइलचे तुषार कागद लवकर बुजवतात, तर फोम रॉकेलमध्ये पिळून, साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा ऑइल लावून वापरता येतो. फोमच्या बैठकीला चारी बाजूंनी रुंद कड दिली आहे आणि तिच्यावर ग्रीसचा पातळ थर देण्याची सूचना आहे. डबा माझ्या ताब्यात देण्याआधी मिस्त्रींनी वर्कशॉपचे शटर खाली ओढून आत एक छोटा दिवा ठेवला आणि डबा हातात फिरवून दाखवला. मागच्या खालच्या कोपऱ्यात वेल्डच्या कडेला केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. त्यांनी ती खडूने खूण करून तिथल्या तिथे पुन्हा वेल्ड केली, आणि पुन्हा दिवा लावून पाहिले. ग्राहकासमोर आपल्याच कामातला दोष शोधून दाखवणारे कारागीर फार थोडे असतात.

आता तक्रारींकडे वळतो. झाकण बंद करण्यासाठी त्यांनी दोन खटक्याच्या क्लिप दिल्या होत्या. हाताने उघडते म्हणून ते सोयीचे वाटले, पण झाकणाच्या दोन्ही टोकांना क्लिप असल्यामुळे मधल्या भागात पॅकिंग पुरेसे दाबले जात नव्हते. शिवाय पुढची क्लिप पेट्रोलची टाकी मागे उचलल्याशिवाय हाताला लागत नव्हती. ज्यांनी उजेडाची रेघ शोधून काढली, त्यांच्या नजरेतून हे कसे सुटले हे मला कळत नाही. बहुधा दिव्याची तपासणी झाकण वरून हाताने दाबून धरलेले असताना झाली. मी परत गेल्यावर त्यांनी कुरकुर न करता क्लिप काढून डब्याच्या कडेत रिवेट नट बसवले आणि झाकण सहा स्क्रूंनी बंद होईल असे करून दिले. आता पॅकिंग सर्वत्र सारखे दबते. हे पहिल्याच वेळी व्हायला हवे होते, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. दुसरी तक्रार वेळेची. दिलेली तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली, आणि प्रत्येक वेळी चौकशी मलाच करावी लागली. तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की अपेक्षा, हे ठरवणे कठीण आहे. पुठ्ठ्याचा नमुना आणि मापे यांचे कोणतेही रेखाचित्र त्यांनी ठेवलेले नाही. उद्या दुसऱ्या राजदूतवाल्याने हाच डबा मागितला, तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. या गाडीवर जीव लावणारी माणसे महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत, त्यामुळे इतके चांगले माप कागदावर उतरलेच नाही याचे मला खरोखर वाईट वाटते.

डबा बसवल्यावर कार्बोरेटरची जुळणी नव्याने करावी लागते आणि ती वर्कशॉपच्या कामात धरलेली नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. पॉडसाठी घातलेले मोठे मेन जेट डब्यासोबत फार गडद ठरले आणि ते दोन पायऱ्या खाली आणावे लागले. नीडलची क्लिपही एक खाच वर सरकली. जेट लहान करताना सावधगिरी हवी, कारण टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण पिस्टन जाळते, आणि इथेनॉलमुळे धोका आणखी वाढतो. शुद्ध पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा पट. म्हणजे त्याच जेटमधून मिळणारे मिश्रण जुन्या पेट्रोलच्या तुलनेत पातळच पडते. म्हणून प्रत्येक बदलानंतर पूर्ण थ्रॉटलवर गाडी पळवून, क्लच दाबून, इंजिन तिथेच बंद करून बी८एचएस स्पार्क प्लगच्या पोर्सेलिनचा तळ पाहिला, कारण मिश्रण गडद की पातळ ते त्याच्या रंगावरून कळते. कोल्हापुरात दोन्ही प्लग जुळल्यानंतर आंबा घाट उतरून रत्नागिरीलाही ही तपासणी केली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. कोकणातली हवा त्याहून दाट, त्यामुळे तिथे मिश्रण थोडे पातळ होते आणि कोल्हापुरात नेमके जुळवलेले जेट रत्नागिरीत काठावर येऊ शकतात. पठारावर किंचित गडद वाटणारे जेट ठेवणे हाच यातला सुरक्षित मार्ग. पारदर्शक नळीत पाणी भरून डब्यातला दाबही मोजला. पूर्ण थ्रॉटलवर पाणी साधारण चार सेंटिमीटर सरकते, म्हणजे डबा इंजिनाला उपाशी ठेवत नाही.

रस्त्यावर सर्वांत मोठा फरक ३००० ते ५००० आरपीएमच्या पट्ट्यात पडला आहे. पूर्वी तिथे गाडी आधी घुटमळून मग एकदम झेपावत असे. आता ती त्या भागातून अखंड चढत जाते, आणि दोन्ही प्लगचा रंग मला या गाडीवर पहिल्यांदाच सारखा दिसला. वरच्या टोकाला पॉडपेक्षा अधिक ताकद मिळाली असे मी म्हणणार नाही. ती जवळजवळ तेवढीच आहे. पावसाळ्यातला फरक मात्र निर्विवाद आहे. गगनबावड्याच्या मुसळधार पावसात पॉड ओले होऊन गाडी एका सिलिंडरवर येत असे, कारण भिजलेल्या फिल्टरमधून हवा पुरेशी जात नाही. नव्या डब्याची नळी सीटच्या खाली मागच्या बाजूला उघडते, तिथे थेट पाणी येत नाही, आणि डब्याच्या तळाला चिमटलेल्या तोंडाची रबरी निचरा-नळी आहे, तिच्यातून साचलेले ऑइल आणि आलेच तर पाणी गळून जाते. खेचून घेतल्या जाणाऱ्या हवेची ती प्रसिद्ध गर्जनाही जवळपास नाहीशी झाली आहे. काहींना ती हवीहवीशी वाटते, हे मला ठाऊक आहे. मला मात्र आता सायलेन्सरचा मूळ आवाज स्वच्छ ऐकू येतो आणि तोच अधिक आवडतो.

लेथवर केलेली तोंडे, रबरे, फोम आणि दोन नळ्या धरून एकूण ८,५०० रुपये लागले. चांगल्या प्रतीचे दोन पॉड याहून स्वस्तात येतात, पण त्यांच्यासोबत वारंवार बदलावे लागणारे जेट आणि पावसाळ्यातली अडवणूकही पदरी येते. ज्यांच्या गाडीवर शर्यतीचे एक्स्पान्शन चेंबर (फुगीर पोटाचे सायलेन्सर) आहेत आणि जी फक्त वरच्या आरपीएमला धावते, त्यांनी एवढ्या आकाराच्या डब्यावर खर्च करण्याआधी विचार करावा. रोजच्या, घाटातल्या आणि पावसातल्या वापरासाठी मात्र मी या कामाची निःसंकोच शिफारस करतो. जाताना गाडी सर्व भागांसह न्यावी, झाकण स्क्रूचेच मागावे, नळी सुटी ठेवायला सांगावे, पुठ्ठ्याचा नमुना पत्रा कापून झाल्यावर स्वतःच्या ताब्यात घ्यावा, आणि ताबा घेण्याआधी झाकण बसवलेल्या स्थितीत दिव्याची तपासणी समोर करून घ्यावी.